हसा, अहवाल पाठवायचा आहे

महाराष्ट्रात आनंद शनिवारी असतो. तोही सकाळच्या शाळेत. मार्च २०२४ मध्ये तसा शासन निर्णयच निघाला: पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’. मुलांवरचा ताण कमी व्हावा, शाळेची गोडी लागावी, गळती थांबावी, हा हेतू. हेतूत खोट काढायला जागा नाही. फक्त सोमवार ते शुक्रवार शाळेत काय चालतं, याची इतकी स्वच्छ कबुली सरकारनं याआधी कधी दिली नव्हती.

आनंदाचा वार ठरला की पुढचं सगळं ओघानं येतं. आनंदाचा फोटो येतो, फोटोची लिंक येते, लिंकची मुदत येते. मुदत बहुधा आजचीच असते. आमच्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत शनिवारी सकाळी डोकावून बघा. पटांगणात पोट्टे गोल करून उभे आहेत, मध्ये गुरुजी. एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात मोबाईल. शिट्टी पोरांसाठी, मोबाईल साहेबांसाठी. लंगडी घालणारी पोरगी दोघांना बाद करून तिसऱ्याच्या मागे लागली, डाव रंगात आला, की गुरुजी ओरडतात, “थांबा रे! हलू नका!” पोरं हलली तर फोटो हलतो. खेळाचा फोटो काढण्यासाठी खेळ थांबवायचा, ही कला आपण पार पूर्णत्वाला नेली आहे. मग लक्षात येतं, फोटोत फलक आलाच नाही. पुन्हा सगळे जागेवर. दोन उंच पोरं फलक धरतात. ती दोघं अख्खा शनिवार खेळत नाहीत. आनंद धरून उभी असतात.

गुरुजींना मात्र हसू नका. त्या मोबाईलमध्ये केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप, मतदार यादीचा ग्रुप, परसबागेचा ग्रुप असे सगळे नांदत असतात. एका ग्रुपवर ‘आनंददायी’, दुसऱ्यावर ‘अति तात्काळ’. माणूस कितीही उत्साही असला तरी अति तात्काळ आनंद होणं अवघडच.

* * *

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सांगितलं की लहान मुलं खेळातून शिकतात. आजीला हे ठाऊक होतं, पण आजीच्या म्हणण्याला जावक क्रमांक नव्हता. मग २० फेब्रुवारी २०२३ ला केंद्रानं ‘जादुई पिटारा’ काढला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डं, गोष्टींची कार्डं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या शाळांत गणिताच्या पेट्या, भाषेच्या पेट्या, विज्ञानाच्या पेट्या येत आल्या आहेत.

पेटी शाळेत आली की तिची पहिली गाठ पोरांशी पडत नाही, डेडस्टॉक रजिस्टरशी पडते. मणी, शंभर नग. सोंगट्या, सोळा नग. फासे, चार नग. एकदा नग म्हणून नोंद झाली की खेळणं सरकारी मालमत्ता होतं, आणि सरकारी मालमत्तेशी खेळणं हा गुन्हा आहे. एक मणी घरंगळून खिडकीबाहेर गेला तर ऑडिटला काय सांगायचं? मुख्याध्यापकांची बदली झाली, चार्ज द्यायची वेळ आली, की नव्या मुख्याध्यापकांसमोर बसून मणी मोजून द्यावे लागतात. म्हणून पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी. मण्यांवरून मोजायला शिकतो तो शाळेत एकटाच माणूस, दर बदलीला.

फरशीची गोष्ट याच घराण्यातली. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं आणि सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट राज्यभर गाजलं. तिथल्या शिक्षकांनी मनापासून काम केलं होतं. पोरं जमिनीवर बसून, हातात वस्तू घेऊन, आपापलं शिकत होती. शिक्षक कमी बोलत होते. गाड्या भरभरून राज्यातले शिक्षक बघायला गेले. बघायचं होतं ते कमी बोलणं. पण कमी बोलणं डोळ्यांना दिसत नाही, फरशी दिसते. त्यामुळे ज्ञानरचनावाद गावोगावी पोचला तो ऑइलपेंटच्या डब्यातून. कैक शिक्षकांनी खिशातले पैसे घालून, गुडघे टेकून, वर्गभर साप, शिड्या, घड्याळं, मुळाक्षरं रंगवली. त्या गुडघ्यांना माझा नमस्कार. पण पुढच्या वर्षी तपासणीत प्रश्न आला, “फरशी रंगवली का?” “पोरं बोलायला लागली का?” हा रकाना नमुन्यात नव्हता.

बालभारतीनंही मागे न राहता खेळाचं पाठ्यपुस्तक काढलं, ‘खेळू, करू, शिकू’. पुस्तक देखणं आहे, कल्पना नेटकी आहे. पण आपल्याकडे पुस्तक आलं की त्याला कव्हर येतं, कव्हरवर नाव येतं, आणि मग कोणीतरी विचारतं, “पान बारावरचा खेळ झाला का? नसेल तर घरून करून आणा.”

* * *

सरकारांचं आणि खेळाचं वाकडं जुनं आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थानं १८३७ मध्ये लहान मुलांसाठी खेळाची शाळा काढली, तीच पुढे जगभर किंडरगार्टन म्हणून गेली. लाकडी ठोकळे, चेंडू, गाणी, बाग. प्रशियाच्या सरकारनं १८५१ मध्ये त्यावर बंदी घातली. कारण? फ्रोबेलच्या कार्ल नावाच्या पुतण्यानं जहाल समाजवादी लिखाण केलं होतं, आणि सरकारनं पुतण्याचं खापर काकाच्या माथी फोडलं. काका-पुतण्याच्या गोंधळात जनतेचं काय होतं, हे महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही. फ्रोबेल पुढच्याच वर्षी गेला. बंदी उठली १८६० मध्ये.

आपलं सरकार प्रशियापेक्षा हुशार. खेळावर बंदी घातली की लोक चोरून खेळतात. खेळ सक्तीचा केला की आपोआप थांबतो.

आपल्याकडच्या गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उघडलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर साहेबांकडे जाऊन म्हणतो, मला चौथीचा वर्ग द्या, मी गोष्टी-खेळांनी शिकवून दाखवतो. साहेब परवानगी देतात, पण वर्षअखेर परीक्षा होणार, हे बजावूनच. विचार करा, पुस्तकाचं नावच दिवास्वप्न; पण त्या स्वप्नातसुद्धा साहेबांनी परीक्षा माफ केली नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिसेंबरात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झालं की पुन्हा एक संधी, तीही हुकली की त्याच वर्गात मुक्काम. म्हणजे शनिवारी आनंद आणि एप्रिलमध्ये निकाल. पोरांना हा नियम नीट कळतो. कळत नाही तो आपल्याला.

गिजुभाईंच्या बरोबरीनं काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या बायांनी नोटीस काढली नाही. शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. पोरं गुरं चारायला जातात? मग कुरणात शाळा. खेळायला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. यातल्या एकाही वस्तूचं टेंडर निघालं नाही, एकही नग डेडस्टॉकला चढला नाही, आणि म्हणूनच ती सगळी पोरांच्या हातात राहिली. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि देशभर अंगणवाड्या झाल्या. नाव अंगणाचं आणि कारभार रजिस्टरांचा. बिचाऱ्या अंगणवाडीताईला आज विचारा, पोरांबरोबर जमिनीवर बसायला दिवसातले किती तास मिळतात. ती उत्तर देईल, पण आधी मोबाईलमधली नोंद पूर्ण करून.

* * *

भंडाऱ्याला खेळ शिकवायला कोणी दिल्लीहून यावं, याची मला खरंच गंमत वाटते. हा दंडारीचा आणि खडी गंमतीचा मुलूख. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, रात्रभर माणसं तमाशे, नाटकं बघतात. पण मला सांगायचंय ते तान्ह्या पोळ्याबद्दल.

मोठ्या माणसांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा. लाकडाचे बैल, खाली चाकं, पाठीवर झूल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरू. कोणाचा बैल कोपरभर, कोणाचा आजोबांच्या काळचा, एक शिंग मोडलेला. सगळे ओळीनं उभे करायचे, कोणाचा सजलाय ते ठरायचं, भांडणं व्हायची. मग दोरीनं बैल ओढत घरोघर जायचं आणि बोजारा मागायचा. कोणी दोन रुपये देतं, कोणी पाच, कोणी “उद्या ये” म्हणतं. कोणत्या दारी आधी जायचं, कोणत्या काकू दहाची नोट काढतात, कोणत्या आळीत कुत्रं आहे, याचा पोरांकडे असलेला अभ्यास पाहिला तर एखाद्या बँकेनं त्यांना वसुलीला ठेवावं.

आता खरा तास. समजा तिघांच्या टोळीला सत्तेचाळीस रुपये मिळाले. प्रत्येकी पंधरा, बाकी दोन. वर्गात भागाकार इथे संपतो. फळ्यावर ‘बाकी दोन’ लिहितात आणि तास होतो. बाकी कोणाची, हा प्रश्न गणिताच्या पुस्तकात नसतो. पारावर तोच खरा प्रश्न. दोन रुपयांच्या गोळ्या घ्यायच्या ठरतं. गोळ्या येतात चार, वाटेकरी तीन. पुन्हा बाकी एक. ती शेवटी त्याला मिळते ज्याच्या बैलाचं चाक वाटेत निखळलं. भागाकार, वाटाघाट, नुकसानभरपाई, सगळं एका दुपारात, आणि कोणालाही लिंक भरावी लागली नाही. एकच धास्ती वाटते: कोणा उत्साही अधिकाऱ्याच्या हे वाचनात आलं, तर पुढच्या वर्षी ‘तान्हा पोळा: अध्ययन निष्पत्ती क्रमांक अमुक’ असं परिपत्रक निघायचं.

मे महिन्यात आमच्याकडे तेंदूचा हंगाम असतो. पुडकं सत्तर पानांचं. आईबापांच्या मागे जंगलात गेलेलं पोर पाच-पाच पानं मोजत पुडकं लावतं. शाळेत पाचाचा पाढा पन्नासाला थांबतो, जंगलात सत्तरापर्यंत जातो. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या उन्हात पोर जंगलात असणं हे कोणाच्याच कौतुकाचं नाही. पण जूनअखेर तेच पोर शाळेत येतं आणि तिथे त्याला पहिल्या दिवसापासून ‘अप्रगत’ म्हणतात, तेव्हा नेमकं कोण अप्रगत, असं वाटून जातं.

शाळेतही एक खरा खेळ वर्षातून एकदा होतो. बाल आनंद मेळावा. पोरं आलुबोंडे, भजी, चना-पोहे, मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन दुकानं मांडतात. गिऱ्हाईक गुरुजी, बाई, गावातले रिकामे आणि न रिकामे लोक. पैसे खरे, सुट्टे खरे, उधारी तर फारच खरी. पाहुणे दोन प्लेट खाऊन पैसे न देता भाषणाला उभे राहतात. त्यावरून पोरं नागरिकशास्त्रही शिकतात. शेवटी गल्ला मोजून एकेक जण सांगतो, “मले दोनशे चाळीस रुपये फायदा झाला जी.” तेल, बेसन, आलू आईनं घातलेले, ते हिशेबात नाहीत. त्यातला एखादा पोट्टा उद्या अर्थखात्यात गेला तर नवल नाही.

* * *

आता दुसरी बाजू. चहाच्या टपरीवर एका बापाला विचारलं, पोराला गावातल्या शाळेतून का काढलं. तो म्हणाला, “सारेत का सिकवतेत जी? पोट्टे त दिसभर खेरतच रायतेत.” मग त्यानं पोराला तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. आमच्याकडे इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. तिथे एकही नन नसली तरी. सकाळी गाडी येते, पोरगा टाय लावून बसतो. विदर्भातल्या एप्रिलमध्ये टाय ही चीज ज्यानं आणली त्याला एकदा तरी दुपारी साकोलीच्या बसस्टँडवर उभं करायला पाहिजे. त्या कॉन्व्हेंटच्या माहितीपत्रकावर काय लिहिलंय? ‘खेळातून शिक्षण’, ‘प्ले-वे पद्धत’, ‘ॲक्टिव्हिटी रूम’. फुकट असला तर उनाडपणा. फी भरली की ॲक्टिव्हिटी.

बापाची टिंगल करून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच्या म्हणण्यात दम आहे. खेळाच्या नावाखाली आपण बरंच काही खपवतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात जाऊन पाहा: सकाळी कृतिगीत, दुपारी कृतिगीत, मधल्या वेळेत टाळ्यांचे प्रकार. पावसाची टाळी, फटाक्याची टाळी, नाना तऱ्हेच्या टाळ्या. पन्नाशीचे गुरुजी हात वर करून बेडूक होतात. मग तोच बेडूक वर्गात येतो. वजाबाकीचं गाणं म्हटलं जातं, पोरं उड्या मारतात, आवाज गगनाला भिडतो, आणि शेवटी बावन्नातून सतरा गेले किती, हे विचारलं की वर्ग शांत. टाळ्यांचे सगळे प्रकार येणारा शिक्षक आणि हातच्याची वजाबाकी न येणारा विद्यार्थी, ही जोडी त्या बापानं नीट पाहिली आहे. शिक्षणतज्ज्ञ नसल्यामुळे त्याला ती लगेच दिसली.

नुसत्या उड्या म्हणजे खेळ नव्हे. खेळात नियम लागतो, हरायची भीती लागते, आणि पुढे काय पडेल ते ठाऊक नसावं लागतं. जमिनीवर चौकटी आखून चार फोडलेल्या चिंचोक्यांवर खेळायचा अष्टाचंगा घ्या; गावोगावी त्याचं नाव बदलतं, भांडण तेच राहतं. चिंचोका एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं तपकिरी. चार एकदम फेकले तर दोन उताणे, दोन पालथे पडायची शक्यता सोळात सहा. चारही एकाच ठरावीक बाजूवर पडायची सोळात एक. हे बारावीतल्या मुलाला सूत्रानं येतं. दुसरीतल्या पोरीला ते पोटातून ठाऊक असतं, म्हणून ती मोठ्या दानाच्या भरवशावर सोंगटी उघड्यावर ठेवत नाही. गुरुजींनी फक्त शेजारी बसून विचारायचं असतं, “का नाही ठेवली?” या एका प्रश्नासाठी पगार असतो. पण तो विचारायला निवांतपणा लागतो, आणि निवांत बसलेला शिक्षक आपल्याकडे कामचुकार ठरतो.

आणि हरणं? शाळेतल्या सरकारी खेळात कोणी हरतच नाही. ‘सगळेच जिंकले, टाळ्या!’ फटाक्याची टाळी. पोरांना यातला लबाडपणा क्षणात कळतो. सुट्टी झाल्यावर ती शाळेमागे जाऊन बिल्लस खेळतात, रेषेवर पाय पडला म्हणून दहा मिनिटं कडाकडा भांडतात, आणि त्या भांडणात प्रत्येक जण पुरावे देत असतो. भाषेचा तास तो.

ॲपवाल्यांबद्दल फार बोलत नाही. गुणांच्या जागी नाणी आणि शेऱ्यांच्या जागी चांदण्या आल्या, एवढाच फरक. हसतखेळत शिकवण्याचा सगळ्यात मोठा गल्ला मांडलेल्या बैजूजवर २०२४ च्या जुलैमध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही मात्र अजून कैक शाळांत भिंतीवर आहे. वीजबिल थकलं की तो शोभेचा होतो; त्यावर कापडाचं कव्हर आणि कव्हरवर विणलेलं कमळ.

* * *

खरा डाव तर शिक्षकांचाच चालू असतो. ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगितला जाणारा मोक्षपट आपल्याकडे जुना: सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, वर मोक्ष. इंग्रजांनी मोक्ष काढून टाकला, साप-शिडी ठेवली. ग्रामविकास खात्यानं शिडीही काढली. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात. गावं सुगम आणि अवघड अशी वाटलेली, फासे संगणकाच्या हाती. पवनीत झोपलेला मास्तर सकाळी उठतो तो तुमसरच्या यादीत. आधी गाव ओळखीचं व्हायला वर्ष गेलं, पोरं मोकळी व्हायला दुसरं, चिंचोक्यांचा डाव बसला तिसऱ्या वर्षी, आणि चौथ्या वर्षी साप. नवीन गुरुजी येतात, ते कुलूप उघडून मणी मोजायला बसतात.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ती पोरं? २०२३ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले, तेव्हाचा राज्याचा आकडा होता १४,७८३ शाळा आणि १,८५,४६७ विद्यार्थी. भागाकार करून बघा: शाळेमागे साडेबारा पोरं. खो-खोत पाठलागाला नऊ लागतात, पळायला निदान तीन. म्हणजे पहिलीतल्या चिमुरडीपासून चौथीतल्या आडदांडापर्यंत सगळे उतरवले, त्या दिवशी कोणाला ताप नसला, कोणी मामाच्या गावी गेलं नसलं, की अशा सरासरी शाळेत खो-खोचा एक डाव जेमतेम होतो. उरलेलं अर्धं पोर पंच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले, दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. अभिनंदनाचे फलक लागले. गावच्या शाळेत तेव्हा दोन पोरं कमी पडत होती, म्हणून भिंतीला खो देऊन खेळ चालू होता.

तिकडे पट घटला म्हणून शाळा बंद करायची चर्चा, इकडे पट वाढावा म्हणून शनिवारी आनंद. पट घटला तो शनिवारमुळे नाही. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक कायम कुठल्या तरी बैठकीला. बाप टपरीवरून हे रोज बघतो.

माझी एक सूचना आहे, खर्च शून्य. महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. पुढच्या परिषदेत भाषण नको, स्लाइडी नकोत, टाळ्या तर नकोतच. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, डायटचे विषयतज्ज्ञ, सगळ्यांनी पटांगणात यावं. मोबाईल डेडस्टॉकच्या कपाटात, किल्ली चौथीच्या मॉनिटरकडे. डाव बिल्लसचा, नियम पोरं सांगतील आणि पंचही तीच. रेषेवर पाय पडला की बाद, मग तो कुठल्याही संवर्गाचा असो. अपिलाची तरतूद नाही. जो पहिला बाद होईल त्यानं केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या त्या महिन्याच्या लिंका एकट्यानं भरायच्या. ज्या साहेबांना लंगडी झेपत नाही त्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मॉनिटरकडे अर्ज करावा. दोन प्रतींत, आज सायंकाळी पाचपर्यंत.